थोरलेपणाचा कारभार

मराठी कुटुंबातील ज्येष्ठ अपत्याची व्याख्या करताना 'जे सर्वांत आधी जन्मले ते' एवढे म्हणून भागत नाही, कारण एकुलते एक मूलही सर्वांत आधीच जन्मलेले असते आणि तरीही थोरलेपण कशाशी खातात याची त्याला पुसटशीही कल्पना नसते. थोरलेपण धाकट्यांनी बहाल करायचे असते. पाठीवर पहिले भावंड आले की त्याची सुरुवात होते, तिसऱ्या भावंडापर्यंत ते अंगवळणी पडते आणि पाचव्याच्या बारशाला पाहुण्यांना पाणी देणाऱ्या, पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आणि चुलत्यांच्या चपला ओळीत लावणाऱ्या त्या मुलाकडे पाहिले असता, हे आता घरातले एक पद झाले आहे, हे कोणाच्याही ध्यानात येते. या पदासाठी अर्ज मागवले जात नाहीत, नेमणुकीच्या वेळी उमेदवाराचे वय बहुधा दीड ते अडीच वर्षे असते, वेतनाचा विषय कोणी काढत नाही आणि राजीनाम्याची सोय जवळजवळ नाही. 'जवळजवळ' असे म्हणण्याचे कारण पुढे येईल.

'मोठे कुटुंब' म्हणजे किती मोठे, हेही येथेच सांगून टाकलेले बरे. भारतात १९५१च्या सुमारास एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, सहाच्या आसपास होता. आणि ही सरासरी असल्याने ज्यांच्या घरी चारच मुले होती त्यांच्या वाटची उरलेली मुले शेजारच्या बिऱ्हाडात असत. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांतील चाळीत, वाड्यात किंवा गावातल्या माजघरात वाढणारी सहा-सात भावंडे आणि त्यांच्या शिरोभागी बसवलेले एक अजाण मूल, एवढाच या विवेचनाचा विषय आहे.

या पदाला शास्त्राधार आहे आणि तो दांडगा आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात असे सांगितले आहे की ज्येष्ठ पुत्र जन्मताच पिता पितरांच्या ऋणातून मोकळा होतो, म्हणून तोच तेवढा 'धर्मज', म्हणजे धर्मासाठी झालेला पुत्र होय, आणि त्याच्यानंतरचे सगळे 'कामज', म्हणजे निव्वळ इच्छेपोटी झालेले होत. सात भावंडांच्या घरात हा श्लोक मोठ्याने वाचण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे, कारण सहा विरुद्ध एक असे मतदान झाल्यास धर्माचे काही खरे नव्हते. त्याच अध्यायात ज्येष्ठाला 'उद्धार' सांगितला आहे. उद्धार म्हणजे वाटणीच्या आधी बाजूला काढून ठेवायचा जादा हिस्सा, आणि तो संपत्तीचा विसावा भाग अधिक घरातील उत्तमोत्तम वस्तू असा ठरवून दिलेला आहे. शंभरातले पाच रुपये आणि वर घरातला चांगला बैल, हा व्यवहार वाईट म्हणता येणार नाही. पण याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने, बाराव्या शतकाच्या सुमारास, अशी विषम वाटणी शास्त्रात असली तरी लोकांना ती रुचत नाही, तेव्हा ती करू नये, असा निर्वाळा दिला. 'लोकांना रुचत नाही' यातील लोक म्हणजे धाकटे भाऊ, हे उघड आहे. गंमत अशी की ज्येष्ठाने धाकट्यांचे पित्याप्रमाणे पालन करावे, तो तसा वागला तरच त्याला आईबापांचा मान द्यावा, एरवी चारचौघा नातेवाइकांसारखा समजावा, आणि त्याने लोभाने धाकट्यांना फसवले तर त्याचे ज्येष्ठपण व हिस्सा दोन्ही काढून घ्यावेत, हे जे बाकीचे कलम होते त्याला मात्र कोणीही हात लावला नाही. भत्ता बंद झाला, जबाबदारी कायम राहिली, आणि हाच प्रकार पुढे आठशे-नऊशे वर्षे चालू आहे.

शास्त्राने ज्येष्ठ अपत्याला आणखी एक मान दिला आहे. ज्याला आपले कल्याण व्हावे असे वाटते त्याने काही नावे उच्चारू नयेत, असे सांगणारा एक संस्कृत श्लोक सर्वश्रुत आहे आणि त्या यादीत स्वतःचे नाव, गुरूचे नाव, अतिशय कंजूष माणसाचे नाव, ज्येष्ठ अपत्याचे नाव आणि पत्नीचे नाव यांचा समावेश होतो. गुरूच्या पंगतीत बसल्याचा आनंद मानावा की चिक्कू माणसाच्या शेजारी बसल्याचे दुःख, हे ज्या त्या थोरल्याने ठरवावे. त्यातच पहिल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल होती आणि सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही हा दंडक होता, त्यामुळे स्वतःच्या मुलाला हाक मारण्याची आईची पंचाईत होई व त्यातून बाळ, बंडू, नाना, अण्णा, दादा ही पर्यायी नावे निघत. अशा रीतीने पुढे सत्तरी गाठलेले, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आणि निवृत्तिवेतनावर असलेले गृहस्थ सर्व नात्यात 'बाळ' म्हणूनच ओळखले जातात, आणि पाळण्यातील खऱ्या बाळाला त्यांच्यासमोर 'बाळ' म्हणताना घरच्यांचा गोंधळ उडतो.

पहिल्या मुलाचे पहिले दीड-दोन वर्षांचे आयुष्य राजेशाही असते, याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. त्याला पावडर लावून, काजळाची तीट लावून छायाचित्रकाराच्या दुकानात नेले जाते, लाकडी घोड्यावर बसवले जाते आणि त्या फोटोला चौकट करून तो भिंतीवर लावला जातो. दुसऱ्या मुलाचा फोटो निघतो पण चौकट होत नाही, तिसरे मूल कोणाच्या तरी लग्नातील समूहचित्रात अर्धे दिसते, आणि पाचव्यापासून पुढच्या अपत्यांच्या बालपणाला दाखला असा उरत नाही. त्यांनी विचारल्यास भिंतीवरच्या थोरल्याच्याच फोटोकडे बोट दाखवून 'अगदी असाच दिसायचास' असे सांगण्यात येते. ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलर याने, दुसरे मूल जन्माला येताच पहिल्याला सिंहासनावरून खाली उतरवले जाते आणि ते दुःख त्याला जन्मभर पुरते, अशी मांडणी केली. अॅडलर स्वतः दुसरा मुलगा होता, म्हणजे सिंहासन बळकावणाऱ्यांपैकीच एक होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या सिद्धांतातील सहानुभूतीचे मोल वाढते. त्याच्या थोरल्या भावाचे नाव सिग्मंड होते, आणि पुढे १९११मध्ये अॅडलरने ज्यांच्याशी फारकत घेतली त्या सिग्मंड फ्रॉइड यांच्या पाठीवर सख्खी सात भावंडे होती. तेव्हा एका जन्मात दोन-दोन सिग्मंडांचे थोरलेपण सोसल्यावर माणसाने जन्मक्रमावर सिद्धांत मांडला नसता तरच नवल. मराठी घरात मात्र पदच्युतीचा हा प्रसंग पार पाडण्याची रीत निराळी आहे. येथे राजाला खाली उतरवल्याचे सांगितलेच जात नाही. 'तू आता मोठा झालास' एवढेच सांगतात आणि बढती म्हणून हातात दुपट्यांची चळत देतात.

थोरलेपणाचे खरे शिक्षण वस्तूंच्या द्वारे होते, आणि त्यांत कपड्यांना पहिला मान द्यावा लागेल. थोरल्यासाठी घेतलेला कपडा नेहमी 'वाढत्या अंगाचा' असतो, म्हणजे आजच्या मापाचा न घेता आणखी दोन वर्षांनी होणाऱ्या मुलाच्या मापाचा घेतलेला असतो. त्यामुळे पहिली दोन वर्षे तो शर्ट गुडघ्यांशी सलगी करतो, तिसऱ्या वर्षी एखाद्या दिवाळीपुरता अंगाला बसतो आणि नेमक्या त्याच वेळी दुसरा भाऊ त्या मापाच्या जवळ आलेला असल्याने त्याच्याकडे जातो. धाकट्यांना आयुष्यात कधी नवा कपडा मिळाला नाही ही त्यांची तक्रार प्रसिद्ध आहे आणि खरीही आहे. थोरल्याला आयुष्यात कधी मापाचा कपडा मिळाला नाही, ही तक्रार तितकीच खरी असून तिची नोंद कोठेच नाही. याला अपवाद दिवाळीचा. त्या सणाला वडील एका रंगाचा, एका नक्षीचा, घाऊक भावाने मिळालेला अख्खा तागा आणीत, शिंपी घरी येऊन सर्वांची मापे घेई, आणि त्यातून थोरल्याचा शर्ट, मधल्यांचे शर्ट, मुलींचे परकर किंवा फ्रॉक, तान्ह्याचे झबले आणि उरल्यासुरल्या तुकड्यांत उशांचे अभ्रे असा सर्व माल निघे. फराळाला आलेल्या पाहुण्यांना गादीवर तान्हे कोठे संपते आणि उशी कोठे सुरू होते हे चटकन समजत नसे, आणि बसण्यापूर्वी हाताने चाचपून पाहण्याची सवय त्या काळच्या पाहुण्यांना लागली ती यामुळेच असावी. तोच शर्ट चार भावांच्या अंगावरून उतरून शेवटी बोहारणीकडे जाई, जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या त्या बाईशी तासभर घासाघीस होई, आणि हाती आलेल्या स्टीलच्या वाटीत थोरल्याला आमटी वाढली जाई.

दुसरी वस्तू आंबा. येथे थोडे गणित करावे लागेल. एका आंब्याला दोन बाजूंच्या दोन फोडी आणि मधला बाठा, म्हणजे कोयीभोवतीचा भाग, असे तीन अवयव असतात. तेव्हा सात भावंडांसाठी तीन आंबे कापले तर सहा फोडी आणि तीन बाठे हाती येतात. वाटपाचे काम थोरल्याचे, कारण विळी धाकट्यांच्या हाती द्यायची नसते. आणि वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचे हा सर्व घरांतला नियम, कारण एरवी तो मोठी फोड स्वतःकडे ओढील असा सर्वांचा, मुख्यतः पूर्वानुभवावर आधारलेला, संशय असतो. परिणामी सहा फोडी सहा जणांकडे जातात आणि थोरल्याच्या वाट्याला तिन्ही बाठे येतात. संख्येच्या दृष्टीने पाहता त्याला तिप्पट मिळाले, असे शेंडेफळ, म्हणजे सर्वांत धाकटे अपत्य, रडत सांगते. आई ते मान्य करते आणि एक बाठा त्याला द्यायला लावते. आंबा रायवळ असेल तर उरलेल्या दोन बाठ्यांतून जे मिळते त्यात रसापेक्षा दोराच अधिक असतो. विज्ञानेश्वराने बंद केलेला विसाव्या हिश्शाचा उद्धार मराठी घरांनी असा वेगळ्या रूपाने चालू ठेवला.

घराबाहेरच्या कामांचा पसारा तर विचारू नये. रेशनच्या दुकानात साखर आली ही बातमी सर्वांत आधी थोरल्याच्या कानावर घालण्यात येई. रॉकेलच्या रांगेत स्वतः उभे न राहता डबा उभा करून कसे भागवावे, दळणाच्या डब्यात आईने टाकलेली चिठ्ठी गिरणीवाल्याला दाखवून 'गव्हावर गहूच घाला, ज्वारीवर नको' हे कोणत्या आवाजात सांगावे, गरम पिठाचा डबा कोणत्या कुशीवर घ्यावा म्हणजे सदरा पांढरा होत नाही, या विद्या त्याने दहाव्या वर्षापर्यंत हस्तगत केलेल्या असत. थोरली मुलगी असेल तर तिच्या बाबतीत यात आणखी एका अवयवाची भर पडे, ती म्हणजे कडेवरच्या भावंडाची. आठ-नऊ वर्षांची मुलगी, एका बाजूला कमर कललेली, त्या कमरेवर जवळजवळ तिच्याच निम्म्या वजनाचे मूल, आणि मोकळ्या हातात तेलाची बरणी, हे त्या काळच्या कोणत्याही आळीतले चित्र आहे. ती खेळायला गेली तरी मूल बरोबर असे, आणि लंगडी, खो-खो हे खेळ मूल कडेवर घेऊन खेळता येत नसल्याने ती सागरगोट्यांत प्रवीण होई. मूल चालू लागले की त्याला खेळात घ्यावे लागे, पण 'लिंबूटिंबू' म्हणून. लिंबूटिंबू म्हणजे ज्याने कितीही चुका केल्या तरी जो बाद होत नाही, ज्याच्यावर राज्य येत नाही आणि तरीही आपण खेळतो आहोत असे ज्याला वाटत राहते असा खेळाडू. बरीच शेंडेफळे हा दर्जा पुढे नोकरीत आणि संसारातही टिकवून ठेवतात.

न्यायव्यवस्थेच्या अंगाने पाहिले तर मोठे कुटुंब हे 'परदायित्व' या तत्त्वावर चालते. परदायित्व म्हणजे एकाच्या कृत्याची जबाबदारी दुसऱ्यावर येणे. जसे नोकराने काम करताना केलेल्या नुकसानीबद्दल मालकाला भरपाई द्यावी लागते. चौथ्याने शाई सांडली, पाचवीने शेजाऱ्यांच्या कुंड्या पाडल्या, सहाव्याने नाकात वाटाणा घातला, तरी समन्स निघे ते थोरल्याच्याच नावाने, आणि आरोपपत्रात 'तू मोठा ना?' असे एकच वाक्य असे. या प्रश्नाला 'हो' म्हटले तर गुन्हा कबूल होई आणि 'नाही' म्हटले तर उलट उत्तर दिल्याचा दुसरा गुन्हा नोंदवला जाई. बरे, हे मोठेपण अखंड असते तरी एक वेळ चालले असते. त्याच संध्याकाळी काका-मामा बसून घर विकत घेण्याविषयी बोलत असताना या मोठ्याने तोंड उघडले की 'मोठ्यांच्यात बोलू नये, तू लहान आहेस' असे त्याला बजावण्यात येई. एकाच दिवशी सकाळी मोठे आणि रात्री लहान असण्याचा हा अनुभव अन्य कोणत्याही पदावर मिळत नाही. फार तर उपमुख्यमंत्रिपदाशी त्याची तुलना करता येईल.

शाळेतही थोरल्याची पाऊलवाट धाकट्यांच्या वाट्याला येत असे. बालभारतीची स्थापना १९६७ची. तिची पुस्तके सुरू झाल्यावर एक नवे कोरे पुस्तक खाकी वेष्टनात थोरल्याकडे येई आणि अभ्यासक्रम बदलला नाही तर चार-पाच भावंडांत फिरे. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना पाठभेद म्हणजे काय ते ठाऊक असते. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या हस्तलिखितांत शब्दांचे जे फरक आढळतात त्यांना पाठभेद म्हणतात. येथे पोथी एकच पण टीकाकार अनेक असा प्रकार होता. थोरल्याने गाळलेल्या जागा पेन्सिलीने भरलेल्या असत, दुसऱ्याने त्या खोडून चुकीच्या भरलेल्या असत, तिसरीने दोन्हींवर विश्वास न ठेवता शिवाजी महाराजांना चश्मा काढलेला असे, आणि चौथा हे सर्व प्रमाण मानून परीक्षेत उतरवीत असे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९७५मध्ये असे मांडले की धाकट्यांना शिकवावे लागल्याने थोरल्याचीच बुद्धी वाढते. नॉर्वेतील सुमारे २ लाख ४१ हजार तरुणांच्या लष्करी चाचण्यांवरून २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात थोरल्यांचा बुद्ध्यंक दुसऱ्या भावापेक्षा सरासरीने दोन-तीन गुणांनी अधिक आढळला. मात्र त्यात याहून मोलाची गोष्ट अशी होती की ज्यांचा थोरला भाऊ लहानपणीच वारला अशा दुसऱ्या मुलांचे गुण थोरल्यांइतकेच भरले. म्हणजे हा फरक गर्भाचा किंवा रक्ताचा ठरत नाही, घरातल्या जागेचा ठरतो. त्या जागेवर जो बसेल तो थोरला. २०१५मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील वीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात तर जन्मक्रमाचा स्वभावावर, अगदी कर्तव्यदक्षतेवरही, काही परिणाम दिसला नाही. हा निष्कर्ष मराठी थोरल्यांपुढे ठेवला असता ते काही बोलत नाहीत, फक्त त्या संशोधकांपैकी दळण कोण आणीत असे ते विचारतात.

जागा महत्त्वाची, माणूस नव्हे, हे महाराष्ट्राला नॉर्वेच्या आधी साडेतीनशेहून अधिक वर्षे ठाऊक होते. तुकोबांचे थोरले बंधू सावजी यांना वडील बोल्होबांनी घरचा व्यवहार सांभाळण्यास सांगितले, तेव्हा त्या विरक्त गृहस्थाने साफ नकार दिला, आणि अवघ्या तेराव्या वर्षी तो भार मधल्या तुकारामांवर आला. पुढे सावजी तीर्थयात्रेला गेले ते गेलेच. थोरलेपणाचा राजीनामा स्वीकारला गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण, आणि त्याचा परिणाम असा की प्रभारी थोरल्यालाच दुष्काळ, दिवाळे आणि संसाराचे सगळे तडाखे सोसावे लागले. समर्थ रामदासांच्या घरी याच्या उलट घडले. परंपरा सांगते की धाकटे नारायण 'सावधान' शब्द कानी पडताच बोहल्यावरून पळाले. पण मंडपात जमलेले वऱ्हाड, शिजलेला स्वयंपाक आणि वधूपक्षाचा संताप यांचे पुढे काय झाले हे फारसे कोणी विचारीत नाही. जांबेला घर आणि आई सांभाळून राहिले ते थोरले गंगाधरपंत, आणि समर्थ संप्रदायात त्यांना 'श्रेष्ठ' म्हणतात ते यथार्थच आहे. निवृत्तिनाथ थोरले असून ज्ञानदेवांचे गुरूही होते, त्यामुळे त्या घरी तरी अधिकाराचा प्रश्न सुटलेला असावा असे वाटते. तथापि ताटीचे अभंग पाहिले म्हणजे रुसलेल्या ज्ञानदेवांना दार उघडायला लावण्याचे काम चौघांत सर्वांत लहान असलेल्या मुक्ताईनेच केले, हे दिसून येते. विनोबा भाव्यांनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले तर बाळकोबा आणि शिवाजी हे त्यांचे धाकटे भाऊही त्याच वाटेने गेले. थोरल्याचा शर्ट धाकट्याने वापरण्याच्या प्रथेचे इतके कडक पालन अन्यत्र आढळत नाही. आणि धर्मराजाविषयी न बोललेले बरे, कारण द्यूतात भावांना पणाला लावताना त्याने सुरुवात नकुलापासून केली होती. यक्षाने चारांपैकी एकालाच उठवतो म्हटल्यावर त्याने पुन्हा नकुलाचेच नाव घेतले, तेव्हा कुठे हिशेब बराचसा मिटला.

या सर्व थोरवीत थट्टेला जागा नसलेलेही एक घर आहे. वडील मास्टर दीनानाथ एप्रिल १९४२मध्ये गेले तेव्हा पाच भावंडांतील थोरल्या लता मंगेशकर तेराव्या वर्षात होत्या, आणि त्याच वर्षी त्या चित्रपटात काम करू लागल्या. लहानग्या आशाला वर्गात बरोबर आणू दिले नाही म्हणून त्यांनी शाळा सोडली, अशी हकिकत नेहमी सांगितली जाते. कडेवरच्या भावंडासाठी शाळेला रामराम ठोकणाऱ्या नाव नसलेल्या थोरल्या मुली त्या काळी आळीआळीत होत्या.

विवाहाच्या वयाला पोहोचल्यावर थोरलेपण पुन्हा शास्त्राच्या तावडीत सापडते. थोरल्याच्या आधी लग्न करणाऱ्या धाकट्याला धर्मशास्त्रात 'परिवेत्ता' म्हणतात आणि मागे राहिलेल्या थोरल्याला 'परिवित्ति', आणि पातक दोघांनाही लागते. म्हणजे धाकट्याने घाई केली तरी थोरल्याचा परदायित्वाचा नियम सुटत नाही. शिवाय वरही ज्येष्ठ, वधूही ज्येष्ठ आणि महिनाही ज्येष्ठ असा 'त्रिज्येष्ठ' योग वर्ज्य मानला आहे, आणि ज्येष्ठ वर व ज्येष्ठ वधू यांनी एकमेकांशी लग्न करून नंतर घरातली भांडणे कोणी मिटवायची हे ठरवले नसल्यास शास्त्रकारांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. व्यवहारात थोरल्या मुलाने बहिणींची लग्ने उरकेपर्यंत थांबायचे असे आणि थोरल्या मुलीने सर्वांच्या आधी जायचे असे, कारण तिच्यामागे तीन रांगेत होत्या. 'पहिली बेटी धनाची पेटी' असे म्हणणारे लोक ती पेटी कोणी उचलायची हे मात्र सांगत नाहीत. थोरल्याशी लग्न करणारी स्त्री तर एका दिवसात सहा जणांची वहिनी होते, आणि पदाबरोबर पदाची कामेही सप्तपदीतच तिच्या नावावर चढतात.

ही मंडळी आता साठी-सत्तरीला आहेत. भावंडे पुणे, ठाणे, मस्कत, न्यू जर्सी अशी पांगलेली आहेत, धाकट्याने केलेल्या व्हॉट्सॅप गटावर रोज सकाळी फुले येतात, आणि आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा गावच्या पडक्या घराचा निकाल असा विषय निघाला की सर्वजण 'दादा म्हणेल तसं' किंवा 'ताई ठरवेल ते' असे लिहून मोकळे होतात. या वाक्याला संमती समजणाऱ्या थोरल्याची फसगत होते. निर्णय होईपर्यंत तो त्याचा असतो; झाल्यावर प्रत्येकाला आपले वेगळे मत होते असे आठवते, आणि रुग्णालयाच्या कागदावर सही करायला जो हजर होता त्याने घाईच केली असे ठरते. तरीही सही करायला हजर तोच असतो.

हा सारा प्रश्न मुळातूनच सोडवण्याचा विचार ज्या मराठी माणसाने केला तो स्वतः थोरला होता, हा निव्वळ योगायोग मानणे जड जाते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चार मुलांतील ज्येष्ठ रघुनाथ यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी गणिताची प्राध्यापकी सोडली, १९२७पासून शेवटपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, खटले सोसले आणि स्वतः निपुत्रिक राहिले. समाजाने त्यांचे ऐकले नाही, सरकारने १९५२मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण उमटले, आणि ते लाल त्रिकोण ज्या घरांच्या भिंतींवर उमटले त्यांतल्या बऱ्याच घरांत तोवर सातवे बारसे झालेले होते.

कायद्याने या पदाची दखल मात्र सावकाशीने घेतली. हिंदू एकत्र कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्याला कायद्यात 'कर्ता' म्हणतात आणि तो वंशपरंपरेने घरातील ज्येष्ठ पुरुष असे. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये मुलींना जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकेच हक्क असलेले भागीदार मानले, आणि २०१५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने घरातील ज्येष्ठ स्त्रीही कर्ता होऊ शकते असा निकाल दिला. रेशनची रांग, तेलाची बरणी आणि कडेवरचे भावंड सांभाळणाऱ्या ताईला तिचे पद असे रीतसर मिळाले. त्याच सुमारास, २०१५–१६च्या पाहणीत, महाराष्ट्राचा जननदर १.९ भरला, २०१९–२१मध्ये तो १.७ झाला.